गोठ्यातला वास आणि निकेलचे दोन अणू

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूर मागे पडतं आणि थोड्या वेळात वारंगा फाटा येतो. कळमनुरी-हिंगोलीकडे जाणारा आणि हदगाव-उमरखेडमार्गे यवतमाळ, नागपूरकडे जाणारा असे दोन रस्ते इथे वेगळे होतात. लांबच्या गाड्या फाट्यावर खिचडीसाठी थांबतात. जुलैत पाऊस लागून वाफसा आला, की याच रस्त्यावरून खताच्या गोण्या भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गावोगाव जाताना दिसतात. त्यात बहुतेक गोण्या युरियाच्या असतात. कपाशी, हळद, ऊस, केळी, सगळ्यांना तो लागतो.

कोरड्या गोणीतला युरिया मुठीत घेऊन हुंगला, तर निंबोळीच्या तेलाखेरीज त्याला फारसा वास येत नाही. आता पहाटेचा गोठा आठवा. दार उघडताच नाकात शिरणारा, डोळ्यांत पाणी आणणारा तो तिखट वास. जनावराच्या ताज्या मुतालाही असा वास नसतो, तो रात्रभरात तयार होतो. गोणीतला पांढरा दाणा आणि गोठ्यातलं मूत यांत मुख्य पदार्थ एकच, युरिया. वास येतो तो अमोनियाचा. युरियाच्या एका रेणूत पाणी शिरलं की त्यातून अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो. वारंग्याच्या काळ्या रानात फेकलेल्या खताचंही हेच होतं.

पण युरियाला हे आपलं आपण फारसं जमत नाही. नुसत्या स्वच्छ पाण्यात विरघळवून ठेवला, तर निम्मा युरिया मोडायला वर्षानुवर्षं लागतात. ओल्या शेतात तोच युरिया चार-आठ दिवसांत संपतो. हे काम मातीतल्या जिवाणूंकडचं एक प्रथिन करतं. त्याचं नाव युरिएज. सजीवांमधल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या अशा प्रथिनांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. युरिएजमुळे ही क्रिया जितक्या पटींनी वेगवान होते, तो आकडा लिहायचा तर एकावर चौदा शून्यं द्यावी लागतात. युरिएजच्या एकेका कामाच्या जागी सेकंदाला काही हजार युरियाचे रेणू मोडले जातात.

एवढा वेग कुठून येतो, हे कळायचं तर त्या प्रथिनातला प्रत्येक अणू कुठे बसला आहे ते पाहायला हवं होतं. ते पाहायला माणसाला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. मला या विषयात सगळ्यांत जास्त गुंतवतं ते हेच, की वस्तू हातात होती, चमकदार स्फटिकांच्या रूपात डोळ्यांसमोर होती, तरी तिच्या पोटात काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

कुजलेल्या मुतातून हे विकर वेगळं काढण्याचा पहिला प्रयत्न 1876 साली म्युस्क्युलस या रसायनज्ञाने केला. 1909 साली जपानच्या ताकेउची यांनी ते एका वनस्पतीतही असल्याचं दाखवून दिलं, आणि ती वनस्पती होती सोयाबीन. आज हिंगोली जिल्ह्यात खरिपात सगळीकडे दिसणारं तेच सोयाबीन. तेल काढून उरलेल्या सोया पेंडीची तपासणी करतानाही युरिएजच मोजतात. पेंड नीट भाजली गेली असेल तर उष्णतेने युरिएज मरतं आणि त्याबरोबर जनावरांच्या पचनात अडथळा आणणारी इतर प्रथिनंही निकामी होतात. युरिएज शिल्लक निघालं तर पेंड कच्ची राहिली, असा त्याचा अर्थ. मराठवाड्यातल्या तेल गिरण्यांच्या प्रयोगशाळांना हे नाव रोजचं आहे.

पण युरिएजचा खरा खजिना निघाला दुसऱ्याच एका शेंगेत. इंग्रजीत तिला जॅक बीन म्हणतात. परसात कुंपणावर चढणारी, वीतभर रुंद शेंगांची आपली अबई असते ना, तिची ही सख्खी बहीण. 1916 मध्ये कळलं की तिच्या बियांत सोयाबीनपेक्षाही कितीतरी जास्त युरिएज असतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर नावाचा तरुण प्राध्यापक तेव्हा नुकताच लागला होता. पुढच्याच वर्षी, 1917 मध्ये, त्याने ठरवलं की हे विकर शुद्ध करून दाखवायचं.

समनर हा मुळात डावखुरा. सतराव्या वर्षी शिकारीला गेला असताना सोबत्याच्या बंदुकीची गोळी लागली आणि डावा हात कोपराखालून कापावा लागला. मग तो उजव्या हाताने सगळं नव्याने शिकला, टेनिससुद्धा. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला त्याला हार्वर्डमध्ये मिळाला होता. त्याने तो मानला नाही. त्याच्यापाशी महागडी उपकरणं नव्हती, मदतीला माणसं थोडी होती आणि शिकवण्याचं ओझं मोठं होतं. नऊ वर्षं तो शेंगांच्या बियांचं पीठ निरनिराळ्या द्रवांत भिजवून, गाळून, गाळलेलं पुन्हा तपासून पाहत राहिला. 1926 साली त्याने पिठात पाणी मिसळलेलं अ‍ॅसिटोन घातलं, ते गाळून थंडीत रात्रभर ठेवलं आणि सकाळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. थेंबात आठ पैलूंचे इवलेसे स्फटिक होते. ते पाण्यात विरघळवून युरियावर घातले, तर युरिया झपाट्याने मोडू लागला. त्याने लगेच बायकोला फोन करून सांगितलं की पहिलं विकर स्फटिकरूपात मिळालं आहे.

मग आली अविश्वासाची वर्षं. जर्मनीतले रिशार्ड व्हिल्स्टेटर हे त्या काळचं मोठं नाव, 1915 चे नोबेल मानकरी. त्यांच्या मते विकर हे प्रथिन असूच शकत नव्हतं, प्रथिन नुसतं वाहक आणि खरं काम करणारा पदार्थ त्याला चिकटून आलेला वेगळाच काहीतरी. समनरचं म्हणणं होतं की स्फटिकात जे प्रथिन आहे तेच विकर आहे. पुढे नॉर्थ्रप नावाच्या संशोधकाने पेप्सिन आणि इतर विकरंही स्फटिकात आणली, तेव्हा समनरचं खरं ठरलं. 1946 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याला मिळाला.

विकर प्रथिन असतं, हा समनरचा निष्कर्ष बरोबर होता. पण स्फटिकात आणखी काहीतरी दडलेलं आहे, ही विरोधकांची शंकाही निराळ्या अर्थाने खरी निघाली. त्यासाठी 49 वर्षं जावी लागली. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात, क्वीन्सलँड विद्यापीठात बर्ट झर्नर, निकोलस डिक्सन आणि त्यांचे सहकारी त्याच शेंगेच्या युरिएजवर काम करत होते. त्यांना प्रथिनात निकेल सापडलं. अमिनो आम्लांच्या प्रत्येक साखळीमागे दोन अणू. एक किलो शुद्ध युरिएज मिळालं असं धरलं, तर त्यात निकेल असेल जेमतेम सव्वा ग्रॅम. एवढंसं असूनही ते काढून घेतलं की विकर मेलंच. सजीवांतल्या एखाद्या विकराला निकेल लागतं हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. निकेल म्हणजे नाण्यांचा आणि मुलाम्याचा धातू, अशीच सगळ्यांची समजूत. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. इतकं अनपेक्षित होतं ते.

1983 मध्ये याची शेतीला लागू पडणारी बाजू पुढे आली. निकेल अजिबात मिळणार नाही अशा द्रावणात सोयाबीन वाढवलं, तर पानांचे शेंडे करपू लागले आणि करपलेल्या भागात युरिया साठलेला आढळला. झाडाच्या स्वतःच्या व्यवहारात युरिया तयार होत राहतो, निकेल नसलं की युरिएज चालत नाही आणि युरियाचा निचरा थांबतो. शेतजमिनीत मात्र निकेलची अशी टंचाई सहसा नसते. म्हणून सोयाबीनचे शेंडे करपलेले दिसले तर आधी इतर कारणं शोधावीत, निकेलच्या नावाने काही विकत घेऊ नये.

दोन अणू आहेत हे कळलं. पण कुठे? एकमेकांजवळ की दूर? त्यांना धरून कोण बसलंय? त्यासाठी रचना हवी, आणि रचना साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. दृश्य प्रकाशाची लहर अणूच्या मानाने फारच लांब आहे, काही हजार अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग, आणि प्रथिनातले शेजारी अणू एकमेकांपासून दीड-दोन अँगस्ट्रॉमवर असतात. एवढ्या आखूड लहरी क्ष-किरणांच्या असतात. पण क्ष-किरणांना एकत्र आणून चित्र उमटवेल असं भिंग अणूंच्या पातळीवर चालत नाही. म्हणून आडवाट धरावी लागते आणि त्या वाटेला स्फटिक लागतो.

स्फटिकात एकाच प्रथिनाचे अब्जावधी रेणू एकाच तोंडाने ओळीत उभे असतात. याची कल्पना वारंग्याहून बाहेर पडणाऱ्या एसटीच्या खिडकीतून येते. चौफुली लावलेल्या कपाशीच्या शेताजवळून गाडी जाते, तेव्हा आधी सगळी झाडं विस्कळीत दिसतात. एका क्षणी नजरेचा कोन जुळतो आणि शेत एकदम उघडतं, बांधापर्यंत सरळ तासच तास. गाडी थोडी पुढे गेली की ते मिटतं आणि दुसऱ्या कोनात तिरकी तासं उघडतात. झाडं तीच, पण प्रत्येक कोनातून दिसणारी तासांची जोडणी वेगळी आणि दोन तासांमधलं अंतरही वेगळं. स्फटिकावर क्ष-किरण सोडून तो हळूहळू फिरवला की असंच होतं. ठरावीक कोनांत अणूंच्या ओळी जुळतात आणि तेवढ्याच दिशांना किरण जोरात परततात. बाकी दिशांना ते एकमेकांना पुसून टाकतात. पडद्यावर ठिपके उमटतात, हजारोंनी. ब्रॅग पितापुत्रांनी 1912-13 मध्ये हे गणित मांडलं आणि 1915 चं नोबेल मिळवलं.

प्रथिनांचे स्फटिक मात्र मिठाच्या खड्यासारखे टणक नसतात. त्यांत अर्ध्याच्या आसपास पाणी असतं, वाळले की आतली रांग मोडते. 1934 मध्ये जॉन बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढच्या हॉजकिन) यांनी पेप्सिनचा स्फटिक ओलाच ठेवून क्ष-किरणांपुढे धरला, तेव्हा कुठे पहिल्यांदा नीट ठिपके मिळाले.

आणि ठिपके मिळाले म्हणजे चित्र मिळालं असंही नाही. प्रत्येक ठिपक्यावरून परतलेली लहर किती जोरकस होती ते कळतं. ती किती पुढे-मागे होती, म्हणजे शाळेच्या पुस्तकात जिला लहरीची कला म्हणतात, ती कळत नाही. भजनात वीस टाळकरी बसलेत असं समजा. प्रत्येकाने टाळ किती जोरात मारला याची यादी तुमच्या हाती आली, पण कोणत्या मात्रेवर मारला ते कुणी लिहिलंच नाही. त्या यादीवरून ठेका उभा करता येणार नाही. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकाराला येते आहे. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेझरचा प्रकाश जाऊन परत येईल आणि दोन लहरी किती पुढे-मागे झाल्या तेवढंच अतिसूक्ष्म मोजलं जाईल. एका यंत्राचा सगळा जीव ज्या कलेत आहे, नेमकी तीच दुसऱ्या यंत्रात हरवून जाते.

हरवलेली कला परत मिळवायची युक्ती मॅक्स पेरुट्झ यांनी 1950 च्या दशकात हिमोग्लोबिनवर यशस्वी केली. स्फटिकात पाऱ्यासारखा जड अणू ठरावीक जागी बसवायचा, रांग मोडू न देता. मग पुन्हा ठिपके घ्यायचे. जड अणूमुळे काही ठिपके गडद होतात, काही फिके. या फरकावरून आधी त्या जड अणूची जागा सापडते आणि त्याच्या आधाराने बाकी लहरींची कला काढता येते. टाळकऱ्यांच्या यादीत एका पखवाजाची नेमकी मात्रा कळावी आणि तिच्यावरून इतरांचा हिशेब लागावा, असं ते.

युरिएजच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. शेंगेतलं युरिएज भलं मोठं, एकेक साखळी 840 अमिनो आम्लांची आणि अशा सहा साखळ्यांचा एक रेणू. स्फटिक समनरने 1926 लाच मिळवले होते, पण बारीक रचना दाखवण्याइतके शिस्तीचे नव्हते. म्हणून संशोधक जिवाणूकडे वळले. माती-पाण्यात आणि प्राण्यांच्या आतड्यात आढळणाऱ्या क्लेब्सिएला एरोजिनीस या जिवाणूची युरिएज बनवणारी जनुकं मिशिगन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट हॉसिंजर यांच्या गटाने वेगळी काढलेली होती. जनुक हातात असलं की हवं तेवढं प्रथिन करून घेता येतं. शिवाय जिवाणूचं आणि शेंगेचं युरिएज अमिनो आम्लांच्या क्रमात निम्म्याहून जास्त सारखं. जिवाणूत जी तीन निरनिराळी प्रथिनं एकत्र येऊन काम करतात, तीच शेंगेत सलग शिवलेली आहेत, इतकाच फरक. कामाची जागा दोघांत एकच.

1995 मध्ये एव्हलिन जाब्री, हॉसिंजर, अँड्र्यू कार्प्लस आणि त्यांच्या सहकारिणीने ही रचना प्रसिद्ध केली. जाब्री आणि कार्प्लस काम करत होते ते कॉर्नेल विद्यापीठातच, जिथे समनरने एका हाताने पहिला स्फटिक मिळवला होता. मध्ये 69 वर्षं गेली होती.

रचना दिसली ती बेलाच्या पानासारखी त्रिदळी. तीन सारखे भाग एकमेकांत गुंफलेले आणि प्रत्येकात एक कामाची जागा. म्हणजे एका रेणूत अशा तीन जागा आणि निकेलचे सहा अणू. प्रत्येक जागी दोन निकेल एकमेकांपासून साधारण साडेतीन अँगस्ट्रॉमवर, अगदी शेजारी. त्यांना हिस्टिडीन नावाच्या चार अमिनो आम्लांनी आणि एका अ‍ॅस्पार्टिक आम्लाने धरून ठेवलेलं.

पण दोन्ही निकेलना एकत्र सांधणारा पूल पाहिला, तेव्हा सगळे थबकले. तो होता लायसिन या अमिनो आम्लाचा, पण साधा नव्हे. लायसिनच्या टोकाला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू जोडला गेला होता आणि त्या वाढवलेल्या टोकाने दोन्ही निकेल पकडले होते. प्रथिन नुसतं बनवून त्यात निकेल ओतलं तर विकर नीट जागं होत नाही, कार्बन डायऑक्साइड मिळाला तर होतं, हे हॉसिंजर यांच्या प्रयोगशाळेने त्याच वर्षी दाखवलं होतं. का, ते या चित्रात दिसलं. युरिया मोडताना जो वायू बाहेर पडतो, त्याच वायूचा एक रेणू या विकराच्या आत कायमचा पाय रोवून बसलेला असतो. मला तर ही युरिएजच्या गोष्टीतली सगळ्यांत सुंदर जागा वाटते.

जिवाणू हे निकेल आपोआप बसू देत नाही. मोकळं निकेल पेशीला विषारी असतं, म्हणून ते हातोहात पोचवायला चार मदतनीस प्रथिनं असतात. त्यांच्याविना युरिएज रिकामंच राहतं.

या विकराचं महत्त्व शेतापलीकडेही आहे. पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या जहाल आम्लात जगतो तो युरिएजच्या जोरावर. युरियापासून अमोनिया करून तो स्वतःभोवतीचं आम्ल मारत राहतो. मूत्रमार्गातले काही जिवाणू याच विकराने लघवी अल्कधर्मी करतात आणि त्यातून एका जातीचे मूतखडे तयार होतात.

आणि शेत तर आहेच. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास किंवा वर. त्यात युरिएजने युरिया मोडला की दाण्याभोवतीची माती आणखी अल्कधर्मी होते आणि अमोनिया पाण्यात न राहता वायू होऊन उडून जातो. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलोच्या आसपास नत्र असतं. युरिया वरच्यावर फेकून तसाच ठेवला, तर त्यातला बराच वाटा पिकाऐवजी हवेला मिळतो. कोळपणी करून तो मातीआड केला किंवा लगेच पाणी मिळालं तर हे नुकसान कमी होतं. 2015 पासून देशात विकला जाणारा बहुतेक युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेलाच असतो, पण त्या लेपाबद्दल एक गैरसमज आहे. तो प्रामुख्याने पुढच्या पायरीवर, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंवर काम करतो. युरिएजला रोखायचं तर निकेलच्या जोडीवर नेमकं बसणारं रसायन हवं. तशी रसायनं जगात वापरात आहेत आणि ती निकेलवर कशी बसतात हेही आता स्फटिकांतूनच दिसलं आहे.

समनरच्या शेंगेची रचना शेवटी कुणी काढली, हे सांगायचं राहिलं. ती भारतात निघाली. मद्रास विद्यापीठातल्या बालसुब्रमण्यन आणि पोन्नुराज यांनी 2010 मध्ये जॅक बीनच्या युरिएजची रचना प्रसिद्ध केली, 2.05 अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने. जगात पहिल्यांदा स्फटिक झालेल्या विकराचं अंतरंग 84 व्या वर्षी चेन्नईत उघडलं. प्रथिनांच्या स्फटिकांसाठी आता इंदूरच्या इंडस-2 या वर्तुळाकार किरणयंत्रावर भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतंत्र वाहिनी उभारलेली आहे. अशा कामाला परदेशी जावंच लागतं असं उरलेलं नाही.

एक चित्र मात्र तरीही मिळत नव्हतं. युरिया नेमका कामाच्या जागी बसलेला असताना कसा दिसतो? विकर इतकं चपळ की युरिया आत आला की मोडलाच. 2019 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी स्पोरोसार्सिना पाश्चुरी या मातीतल्या जिवाणूचं युरिएज घेतलं. दोन निकेलच्या मध्ये पाण्याचा जो तुकडा युरियावर हल्ला करतो, त्याच्या जागी त्यांनी फ्लोराइड बसवलं आणि मग युरिया आत सोडला. फ्लोराइडला हल्ला करता येत नाही, म्हणून युरिया अख्खा राहिला. त्याचा ऑक्सिजन एका निकेलला टेकलेला, एक नायट्रोजन दुसऱ्या निकेलला टेकलेला आणि वरून प्रथिनाचं हलतं झाकण मिटलेलं. फ्लोराइड नसतं, तर तो रेणू सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच अमोनिया होऊन गेला असता.